रोवणीतला भोंगा

पुनर्वसू लागलं की शाळेच्या खिडकीतून वाकलेल्या पाठी दिसायला लागतात. बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पाण्यानं काठोकाठ भरलेल्या, त्यात गुडघ्यापर्यंत लुगडी खोचलेल्या बाया, आणि त्यांच्या मागं मागं सरकत जाणारी हिरवी रेघ. मी पाचवीच्या पोरांना भागाकार शिकवत असते. फळ्याकडं तोंड असतं, पण कान बाहेर असतात. कटंगीच्या बाजूनं आभाळ जरा काळवंडलं की हातातला खडू थांबतो. पोरांनाही आता ते कळतं. ती गप्प होतात आणि माझ्याकडं पाहत राहतात.

खरं तर रोवणीचे दिवस एकेकाळी मला फार आवडायचे. माझं माहेर तुमसरकडचं. लग्न होऊन राज्याच्या हद्दीपलीकडं, वारासिवनीजवळच्या या गावी आले तेव्हा सासरी सगळ्यांना वाटलं, शिकलेली सून, चिखलात काय उतरणार. मला उतरवलं ते मुक्तानं. मुक्ता बौद्ध मोहल्ल्यातली. आमच्या शेतावर रोवणीला येणारी बायांची टोळी तिची होती. माझ्याहून ती थोडीच मोठी असेल. पहिल्याच दिवशी तिनं पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, जुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वहिनी, बोटं चिखलात घाल, मुळी दुमडू देऊ नको. बाकी सारं तुले आपोआप येईन." आलं नाही आपोआप. माझी रेघ वाकडी जायची, आणि ती मागं वळून न बघता म्हणायची, "वहिनीची रेघ मायेराकडे चालली."

चिखलाचा तो वास मला अजून पहिल्यासारखाच येतो. सडलेलं गवत, बैलांचं शेण, कोवळ्या धानाचा कच्चा गंध, आणि पावसात भिजलेल्या बायांच्या केसांतलं खोबरेल. मुक्ताच्या टोळीत दुसऱ्या बाया गायच्या, ती गायची नाही. आपला आवाज फाटका आहे असं तिचं म्हणणं. ती बोलायची. नवऱ्याची, सासूची, सरपंचाची नक्कल करायची आणि ओळीतल्या बाया हसून हसून चिखलात बसायच्या. तिचा नवरा देवराम गवंडी. उन्हाळाभर नागपूरला कामावर असायचा आणि रोवणीच्या वेळी घरी परतायचा. त्याची नक्कल करायला तिला काही करावंच लागायचं नाही. ती नुसती गप्प उभी राहायची आणि सगळ्यांना कळायचं की हा देवराम.

विजेचं तेव्हाही होतंच. दरवर्षी कुठून तरी बातमी यायची. अमक्या गावात बांधीत वीज पडली, बाई गेली. तमक्या गावात मोहाच्या झाडाखाली थांबलेले बापलेक गेले. लोक हळहळायचे, ज्याची वेळ आली तो गेला म्हणायचे आणि पुन्हा चिखलात वाकायचे. साप, ताप आणि वीज, तिन्ही एकाच सुरात उच्चारले जायचे.

मग पाऊस बदलला. हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नव्हता. मृग कोरडा जाऊ लागला, आर्द्रा कधी पडायची कधी नाही, आणि मग एकदम चार महिन्यांचं पाणी घाईघाईनं कोसळायचं, तेही गडगडाटासकट. पऱ्हे वाट बघून पिवळे पडायचे. पाणी आलं की साऱ्या गावाला एकाच आठवड्यात रोवणी उरकायची असायची, आणि नेमके तेच दिवस विजेचे असायचे. शेजारच्या गावात एकाच दुपारी एका घरातल्या दोघी सासू-सून गेल्या, त्यानंतर विद्यापीठातली मंडळी आमच्याकडं आली.

त्यांच्या प्रमुख होत्या वंदना मॅडम. मूळच्या नागपूरच्या, हवामानाचा विषय शिकवणाऱ्या. सोबत त्यांचे काही विद्यार्थी, बहुतेक हिंदी बोलणारे. त्यांनी येऊन भाषण केलं नाही. शाळेच्या ओसरीत बायांना बसवलं आणि रांगोळीनं गाव काढायला सांगितलं. कुठं बांध्या, कुठं झाडं, कुठं पूर्वी वीज पडली. बाया आधी लाजल्या, मग भांडायला लागल्या. एक म्हणे वीज विहिरीजवळ पडली, दुसरी म्हणे बाभळीवर. मुक्तानं रांगोळीची वाटी ओढून घेतली आणि म्हणाली, "मी तिथंच होती बापा, मले विचारा ना." दुपार होईपर्यंत ओसरीवर सगळं गाव पांढऱ्या रेघांत पसरलं होतं, आणि जिथं जिथं माणूस गेलं होतं तिथं कुंकवाचा ठिपका होता. ते ठिपके मोजायची कुणाला गरज वाटली नाही. ते दिसत होते.

ठरलं ते असं. शाळेच्या छतावर भोंगा बसवायचा. विद्यापीठाकडं विजेच्या ढगांचा अंदाज येतो, तो फोनवर गावात येईल; पंचायतीचा चौकीदार भोंगा वाजवेल; भोंगा वाजला की बायांनी चिखल सोडून शाळेत यायचं. शाळा पक्की, छत सिमेंटचं. माझ्या नवऱ्यानं तेव्हाच विचारलं, "नदीकडच्या बांध्या तर लांब आहेत. तिथून शाळेपर्यंत कसं यायचं?" मॅडमनाही ते दिसत होतं. त्या म्हणाल्या, शेतातच एक पक्की खोली हवी, वर तांब्याची सळी, खाली जमिनीत तार. पण तिला मंजुरी मिळायला पुढचं वर्ष उजाडेल. तोवर काहीच करू नये का? असं त्यांनी सगळ्यांनाच विचारलं. 

"अर्धं तं अर्धं," मुक्ता म्हणाली. "पूर्ण येईपर्यंत काय मरत राहावं?"

सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली.

पहिल्या पावसाळ्यात भोंगा खूप वाजला. वाजायचा आणि वीज कुठं तरी दूर, बालाघाटच्या पलीकडं पडायची. बाया धावत शाळेत यायच्या, व्हरांड्यात चिखलाचे पाय घेऊन बसायच्या, माझी पोरं वर्ग सोडून त्यांच्यात मिसळायची. अर्ध्या तासानं ऊन पडायचं. टोळी गुत्त्यानं काम घ्यायची, म्हणजे अमुक शेत पुरं करून द्यायचं अशी एकरकमी बोली. थांबलेला वेळ कुणाच्याच हिशेबात धरला जायचा नाही. उशीर झाला तर अंधार पडेपर्यंत त्यांनीच वाकायचं. शेतमालक कुरकुरायचे. टोळीतल्या काही बायाही कुरकुरल्या. मुक्तानं एकच नियम केला. भोंगा वाजला की सगळ्यांनी निघायचं. एकीनंही मागं राहायचं नाही.

"झूट वाजते तो," एकदा एक तरणी सून म्हणाली.

"वाजू दे झूट," मुक्ता म्हणाली. "झूट वाजला तं पाय दुखते. खरा वाजला अन् आपण गेलो नाई, तं मंग काय दुखन?"

पुढच्या वर्षी खोलीची मंजुरी अजून आली नव्हती, आणि आर्द्रा सबंध कोरडी गेली. भोंगा मुका होता. पऱ्ह्यांची पानं टोकाकडून पिवळी पडत होती आणि माणसं रोज संध्याकाळी आभाळाकडं बघत होती, जसं कुणी आजारी माणसाच्या तोंडाकडं बघतं. मग पाऊस आला. रात्रभर आला, सकाळी थांबला, आणि गावातला प्रत्येक नांगर, प्रत्येक ट्रॅक्टर, प्रत्येक बाई शेतात गेली. बाहेरगावच्या टोळ्याही आल्या. मुक्ताची टोळी नदीकडच्या आमच्याच बांधीत होती.

दुपारच्या सुट्टीनंतर भोंगा वाजला. मी खिडकीशी गेले. नदीकडून बांध्यांमधल्या धुऱ्यावरून बायांची ओळ येत होती, एकीमागं एक, कारण धुरा अरुंद. पाऊस अजून सुरूही झाला नव्हता. वारा मात्र पडला होता आणि उजेड पितळेसारखा झाला होता. पुढच्या बाया भराभर चालत होत्या. सगळ्यात मागं मुक्ता होती. म्हाताऱ्या गोदाबाईचा हात तिनं धरला होता. गोदाबाईच्या गुडघ्यांत वात. ती हळूहळू पाय टाकत होती. मुक्ता तिला काही तरी सांगत होती. एवढ्या लांबूनही, तिचा मोकळा हात जसा हलत होता त्यावरून मला कळलं की ती कुणाची तरी नक्कल करते आहे.

मग सगळं पांढरं झालं. आवाज नंतर आला. काचा थरथरल्या आणि पोरं एकदम रडायला लागली.

मी पाहिलं तेव्हा धुऱ्यावर मागं कुणी उभं नव्हतं.

त्यानंतरचं मला ओळीनं आठवत नाही. पुढच्या बाया शाळेत आल्या आणि परत जाऊ लागल्या, त्यांना अडवावं लागलं. ट्रॅक्टरची ट्रॉली आली. त्यात गोदाबाई बसलेली होती, डोळे उघडे, काही ऐकू येत नसलेली. मुक्ता आडवी होती. तिच्या अंगावर फारसं काही दिसत नव्हतं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. वारासिवनीच्या दवाखान्यापर्यंत रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्यात तिची मान हलायची आणि मला दर वेळी वाटायचं की ती आता काही बोलेल. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. तिच्या उजव्या हाताच्या बोटांमधला चिखल वाळायला लागला होता.

संध्याकाळी गावात सगळ्यांना एक गोष्ट कळली, आणि ती कळल्यावर दुःखाचा रंग बदलला. शेजारच्या बांधीत बाहेरगावची टोळी होती. तिला भोंग्याचं काही माहीत नव्हतं. ती थांबली नाही, वाकून रोवतच राहिली. त्यातल्या कुणालाही काही झालं नाही.

"भोंग्यानं मारलं तिले," लोक म्हणायला लागले. आधी हळू, मग चौकात. सरपंचानं भोंगा बंद करून टाकला. तरी रोवणी थांबली नाही. थांबणं शक्यच नव्हतं. मुक्ताची टोळी तिच्याशिवाय आमची उरलेली बांधी पुरी करायला आली, आणि सबंध दिवसात ओळीतून एक शब्द आला नाही. चिखलात हात घालण्या-काढण्याचा आवाज तेवढा येत होता. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की रोवणीला असाही आवाज असतो.

वंदना मॅडम आल्या त्या विहाराच्या अंगणात. माणसं आधीच जमली होती. त्यांच्याबरोबरचे विद्यार्थी कडेला उभे राहिले. त्यांतली एक मुलगी सारखी ओढणीनं तोंड पुसत होती. मॅडम खाली बसल्या. देवराम समोर होता, त्याच्याशेजारी त्याची मुलगी संगीता, बारावी झालेली.

एका माणसानं विचारलं, "जे थांबले ते वाचले. जे निघाले त्यायच्यातली मेली. आता काय म्हणता मॅडम?"

मला वाटलं आता त्या समजावतील. त्यांना समजावता आलं असतं. वीज शेजारच्या बांधीत पडली असती तर काय झालं असतं, हे आमच्यातल्या कुणालाही कळत होतं. त्या म्हणाल्या, "भोंगा उशिरा वाजला. शाळा लांब होती. लांब आहे हे आपल्याला आधीच माहीत होतं, आणि तरी सुरू करा असं मी म्हणाले. मुक्ताताई मध्येच सापडल्या."

"आम्हीबी म्हटलं होतं," मागून कुणी बाई म्हणाली. "एकटीच्या माथ्यावर काहून घेता?"

गोदाबाईला एका कानानं थोडं ऐकू यायला लागलं होतं. सगळे काय बोलतायत ते शेजारणीनं तिच्या कानात ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "तिनं माहा हात सोडला असता तं ती पोचली असती." एवढंच. मग ती आपल्या गुडघ्यांवर हात चोळत बसली.

देवराम उठला आणि बाहेर निघून गेला. तो रागानं गेला की आणखी कशानं, हे कुणी सांगू शकलं नाही. तो बायको असतानाही बोलत नसे.

पुढचा हिवाळा आठवतो तो धुक्याचा आणि बैठकांचा. मॅडम येत राहिल्या. विद्यार्थी बदलले. विद्यापीठात त्यांना विचारणारे होते, की एवढा वेळ एकाच गावात कशाला. इथं त्यांना विचारणारे होते, की आता कशाला. एकदा माझ्या स्वयंपाकघरात चहा घेताना त्या म्हणाल्या, "आधी मी वर्गात विजेच्या ढगाची आकृती काढून सुरुवात करायचे. आता फळ्यासमोर उभी राहते आणि पहिलं वाक्यच सापडत नाही."  मलाही त्या खिडकीशी उभं राहूनच शिकवावं लागत होतं.

बायांनीच मग बसून भोंगा पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि नियम बदलले. रोवणी पहाटे सुरू करायची आणि दुपारच्या आत उठायचं, कारण वीज बहुधा दुपारनंतरची. बाहेरगावच्या टोळीलाही भोंग्याचं आधी सांगायचं. अंदाज आदल्या संध्याकाळीच टोळीच्या फोनवर यावा, म्हणजे गुत्ता घेतानाच दिवस सोडता येईल. मॅडमनी ते करून दिलं. आणि नदीकडं खोली झाल्याशिवाय कुणी त्या बांध्यांत उतरणार नाही. हे शेवटचं बायांनी शेतमालकांसमोर उभं राहून सांगितलं. मालक म्हणाले, मग आम्ही दुसरी टोळी आणू. बाया म्हणाल्या, आणा. पण पुढच्या रोवणीत कुणाचीच टोळी तिकडं उतरायला तयार झाली नाही, आणि नदीकडचा मोठा पट्टा पडीक राहिला. आमचाही. उघड्या चिखलात तण वाढलं. गावात बरीच घरं त्या वर्षी धान विकत घेऊन जेवली.

खोली आमच्याच बांधीच्या कोपऱ्यावर बांधायची ठरली. अर्धं सामान पंचायतीचं, सळी आणि तारेचं काम विद्यापीठाच्या इंजिनिअरांचं, मेहनत गावाची. पाया खोदून झाला त्या सकाळी देवराम थापी घेऊन आला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. त्यानं वीट उचलली, मसाला लावला, ओळंबा सोडला. भिंती त्यानं उभ्या केल्या, छत त्यानं टाकलं. छत पक्कं झालं, त्या दिवशी पोरांना गूळ-फुटाणे वाटले. त्यानं हात धुतले आणि गेला. त्यानंतर तो कधी त्या खोलीत पाय ठेवताना दिसला नाही.

यंदा रोवणीला मुक्ताच्या जागी संगीता आहे. तिला चिखल आवडत नाही हे तिच्या चालण्यावरून कळतं. तिचा हात मात्र आईसारखा झपाझप चालतो. मैत्रिणींशी हिंदीत बोलते, बापाशी मराठीत, तेही थोडंच. गेल्या आठवड्यात भोंगा वाजला आणि बाया खोलीत गेल्या. शाळेला सुट्टी होती, मी बांधीवरच होते, मीही गेले. आत अंग अंगाला लागलेलं, ओल्या लुगड्यांचा वास, दारातून दिसणारं पितळी आभाळ.  गडगडत राहिलं. आमच्याकडं काही पडलं नाही. ढग बालाघाटवरून पुढं सरकले.

संध्याकाळी कळलं, परसवाड्याकडच्या एका गावात पडली. बांधीत तिघी होत्या. तिथं भोंगा नाही, खोली नाही.

आपण वाचलो असं त्या संध्याकाळी कुणी म्हटलं नाही. विहिरीवर संगीता कळशी धरून उभी होती. तिनं मला विचारलं, "काकू, त्यायच्याकडे काहून नाई पोचलं हे?"  एक विद्यापीठ, एक मॅडम, एक गाव. एवढ्याला किती वर्षं लागली ते मी पाहिलं होतं. मी मॅडमना फोन लावून दिला. संगीता त्यांच्याशी बाजूला जाऊन बोलली.

आम्ही त्या गावाला निघालो त्या सकाळी देवराम तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला. मॅडमची जीप उभी होती. त्यानं मुलीच्या हातात डबा दिला. "जा," तो म्हणाला. "पण खरं सांगजो. घाबरून गोड नको करजो."

बालाघाट मागं टाकून आम्ही घाट चढलो. सालाच्या जंगलातून पाणी ठिबकत होतं. त्या गावात पोचलो तेव्हा बाया समाजभवनाच्या ओट्यावर बसल्या होत्या. गेलेल्या तिघींच्या घरच्याही त्यांत होत्या, डोक्यावर पदर ओढून. मॅडमनी नमस्कार केला आणि बाजूला सरकल्या. संगीता उभी राहिली.  तिकडं मराठी चालत नाही, म्हणून ती हिंदीत बोलली.

"मेरी माँ रास्ते में मर गई," ती म्हणाली. "भोंगा बजा था, वो निकली भी थी। स्कूल दूर था।"

एका बाईनं विचारलं, "कितना दूर?"

संगीतानं इकडंतिकडं पाहिलं आणि हात लांब करून त्यांच्याच बांध्यांपलीकडच्या एका झाडाकडं दाखवलं. बायांनी आधी त्या झाडाकडं पाहिलं. मग एकेकीनं मान वळवून आपल्या शाळेकडं पाहिलं. शाळा नाल्याच्या पलीकडं होती. मध्ये नुसत्या बांध्या होत्या, पाण्यानं भरलेल्या, आणि त्यांतल्या निम्म्या अजून रोवायच्या होत्या.